सरळ केलेले खिळे

सत्तेचाळीस साली नीत्तुरिन्नेत नुसता ओटचा उतार होता.
खाली तळं, वर बर्चची झाडं, मध्ये एक धोंडा
आणि खुंट्या मारत चाललेला मोजणीदार ओइवा रौतामा.
डावी बाही खांद्याशी पिनेने टाचलेली.
साखळीचं दुसरं टोक धरायला त्याला कुणीतरी हवं होतं.
मी धरलं. नऊ वर्षांची होते,
मजुरी दिवसाला साखरेचा एक खडा.
तेव्हा ही वस्ती कुठून सुरू होते म्हणून विचाराल
तर माझ्या अंगठ्यापासून.

अठ्ठ्याऐंशी भूखंड. एकेक एवढा,
की घरापुरते बटाटे निघावेत,
शेजारचं घर पेटलं तर ठिणगी पोचू नये,
हाक मात्र पोचावी.
घराची त्रिकोणी बाजू रस्त्याकडे,
मागे सॉना, जमिनीत तळघर, सफरचंदाची चार झाडं.
सरकारी कागदावर तीही काढलेली होती,
कंपासने, चारी सारखी गोल.

रस्ता कागदावर सरळ होता.
धोंड्यापाशी ओइवा थांबला.
सुरुंग लावायला माणसं मिळाली असती.
बराच वेळ बाही चाचपत उभा राहिला,
मग म्हणाला, वळू दे.
आता नगरपालिकेच्या पुस्तिकेत त्या वळणाखाली छापलंय:
'निसर्गाशी संवाद साधणारी रचना'.

घराचा आराखडा सगळ्यांना एकच.
मधोमध धुराडं, त्याला पाठ लावून चार खोल्या,
थंडीत पिल्लं कुत्रीला बिलगतात तशा.
भिंतींत लाकडाचा भुसा.
वरचा मजला: पुढे, ऐपतीप्रमाणे.

खिळे रेशनवर.
लष्कराच्या बराकी मोडून फळ्या यायच्या,
त्यांतले उपटायचे, वाकडे, गंजके,
आणि आम्ही पोरं दगडावर धरून ठोकायचो.
सरळ झाला की डब्यात, टण्ण.
बोट चेचलं की तोंडात.
जेवणाच्या वेळेपर्यंत सगळा उतार टणटणत असायचा.

आई सीमेपलीकडून आलेली.
तिचं घर पडलं नव्हतं, जळलं नव्हतं,
फक्त आता ते दुसऱ्या देशात होतं.
निघताना तिने भट्टीचं बिडाचं दार उचकटून घेतलं,
गाडीत, वासराच्या पायाशी ठेवून आणलं.
इथल्या भट्टीच्या तोंडाला ते बसेना.
गवंडी म्हणाला, आराखड्यात चौदा इंच आहे.
आई म्हणाली, दार सोळा इंचाचं आहे.
आणि विटांच्या ढिगावर बसून राहिली.
अठ्ठ्याऐंशी घरांत एकाच भट्टीचं तोंड सोळा इंचांचं.
पाव करपतो त्यात, डाव्या बाजूला, अजून.

पलीकडे साल्मे तूक्कानेन.
तिच्या नवऱ्याला रात्री झोप नसे.
दोन वाजले की त्याची हातोडी सुरू व्हायची.
भिंतीपलीकडे आम्ही जागे, कुणी काही बोलत नसे.
उजाडल्यावर पाहावं तर छपराची आणखी एक ओळ पुरी.
छप्पर संपलं तेव्हा बायका काळजीत पडल्या.
माझ्या आईने आमचं कोंबड्यांचं खुराडं मोडलं
आणि त्याला सांगितलं, वाऱ्याने पडलं.

परवा घर बघायला एक तरुण जोडपं आलं.
त्याच्या हातात भिंतीतलं लोखंड शोधणारं यंत्र.
जिथे टेकवलं तिथे ते किंचाळलं.
'एवढे खिळे? कुणी हौशी माणसाने बांधलंय का?'
मी म्हटलं, हो, सगळे हौशीच होते.
ती मुलगी मात्र भट्टीपाशी उकिडवी बसलेली,
दाराची कडी वर-खाली करत.
विचारलं, हे दार दुसरीकडचं आहे का?

वरचा मजला झालाय का, तो जिन्यातून ओरडला.
तळघरात डबा आहे, मी म्हटलं,
सव्वा किलो तरी भरतील.
काही मात्र तुम्हालाच ठोकून घ्यावे लागतील.